बूट कपॅसिटर बदलला, म्हणजे नेमकं काय केलं?

ट्रॉलरवर २४ व्होल्टच्या बॅटरीवरून जीपीएस किंवा फिश फाइंडर चालवायला २४चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लागतो. त्याच्या पोटात तांदळाच्या कणीएवढा एक कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवून ठेवणारा तुकडा, असतो. दुरुस्तीच्या पावतीवर आम्ही ‘बूट कपॅसिटर बदलला’ असं लिहितो आणि एवढ्याशा तुकड्यासाठी दोन दिवस कशाला, असं बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

कन्व्हर्टर जास्तीचे १२ व्होल्ट जाळून टाकत नाही. आतला मॉसफेट, म्हणजे एक स्विच, सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो आणि कॉइल ते धक्के सपाट करते. हा मॉसफेट बहुधा एन-चॅनल जातीचा असतो, कारण तेवढ्याच आकाराच्या पी-चॅनलपेक्षा तो कमी तापतो. त्याची अट एकच: पूर्ण चालू राहायला गेटवर (स्विच चालू-बंद करणारं टोक) सोर्सपेक्षा (वीज बाहेर पडते ते टोक) साधारण ५ व्होल्ट जास्त हवेत. पण चालू झाला की सोर्स स्वतःच २४वर जाऊन बसतो. म्हणजे गेटला हवेत २९, आणि बॅटरीत आहेत २४.

ते वरचे ५ व्होल्ट हा कपॅसिटर पुरवतो. मांडवीतली होडी आठवा. भरतीला ती चढते, ओहोटीला उतरते, पण डोलकाठीचं टोक होडीपासून कायम तेवढ्याच उंचीवर असतं. इथे सोर्स ही होडी आणि कपॅसिटर तिची डोलकाठी. स्विच बंद असताना सोर्स शून्याजवळ उतरतो, तेव्हा आयसी, म्हणजे स्विचला चालवणारी चिप, एका डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) कपॅसिटर ५ व्होल्टपर्यंत भरून घेते. स्विच चालू होताच सोर्स २४वर चढतो आणि कपॅसिटरचं वरचं टोक आपोआप २९वर पोचतं. डायोड उलटा पडल्यामुळे भरलेलं मागे सांडत नाही.

होडी खाली आलीच नाही तर कपॅसिटर भरणार कधी? १२तून १२च काढायचे तर स्विच सतत चालूच ठेवावा लागेल, म्हणजे होडी कायम वरच. म्हणूनच हा कन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडून त्याच्याकडून १२ व्होल्टची अपेक्षा धरू नका. (एलएम२५९६ आयसीच्या जुन्या कन्व्हर्टरात हा कपॅसिटर नसतोच, तिथला स्विच वेगळ्या जातीचा आहे.)

बहुतेक आयसींना ०.१ मायक्रोफॅरड लागतो. गेटने दरवेळी २० नॅनोकुलोम विद्युतभार खेचला तर त्याचं व्होल्टेज ०.२ने उतरतं, ते चालतं. तिथे ०.०१चा बसवला तर दोनेक व्होल्ट उतरतात, मॉसफेट अर्धवट चालू राहतो आणि तापून जातो. जातही बघावी लागते. स्वस्त वाय५व्ही सिरॅमिकची क्षमता इंजिनाजवळच्या उष्णतेत खूप घसरते, ८५ अंशांपर्यंत ती ८२ टक्क्यांनी कमी होऊ शकते. एक्स७आर १२५ अंशांपर्यंत १५ टक्क्यांच्या आत राहतो. आम्ही तोच बसवतो.

गेल्या जूनमध्ये मालीम जेटीवरच्या एका तांडेलाने कन्व्हर्टर आणला. किनाऱ्यावर ठीक, इंजिन सुरू झालं की जीपीएस बंद. टेबलावर लोड न लावता बरोबर १२ व्होल्ट, लोड लावला की गचके. लाकडी काडीने बूट कपॅसिटर हलकेच दाबला तर गचके थांबले. काडी उचलली, पुन्हा सुरू. भिंगाखाली कपॅसिटरच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली, स्क्रूच्या भोकाला लागूनच. स्क्रू जास्त आवळल्याने बोर्ड वाकला होता.

सुरुवातीच्या काळात आम्हीही अशा जागी लांब पायांचा कपॅसिटर डाखून देत असू. त्यातले काही कन्व्हर्टर परत आले. लांब पाय हादऱ्याने तुटतात आणि झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या स्विचला ती जादा लांबी सोसत नाही. आता कपॅसिटर आयसीला खेटूनच बसतो, मग कन्व्हर्टर पूर्ण लोडवर रात्रभर चालवून बघतो. दोन दिवस त्यात जातात.

कन्व्हर्टर बसवताना स्क्रू बेताने आवळा, खाली रबरी वॉशर घाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत तो एकदा दाखवायला आणा. सोबत वायरी आणि फ्यूजही आणा, कारण गचके कधी कधी नुसत्या गंजलेल्या जोडाचेच असतात आणि मग कन्व्हर्टर उघडायची गरजही पडत नाही.