गोकूचा खांदा पुढे येतो त्यामागची साठ वर्षं

ॲनिमे फिगरचा, म्हणजे जपानी ॲनिमेशनमधल्या पात्राच्या छोट्या मूर्तीचा, कुठलाही रिव्ह्यू बघा, मग तो जपानी माणसाने केलेला असो की पुण्यातल्या कुठल्यातरी पोराने मोबाइल उभा करून शूट केलेला, क्रम ठरलेला असतो. खोका दाखवायचा, ट्रे बाहेर काढायचा, जास्तीचे चेहरे किती, पंजे किती ते मोजायचं, मग हात वर, गुडघा दुमडून, कंबर फिरवून, आणि शेवटी सांधे दिसतात म्हणून एक गुण कापायचा. मीसुद्धा एस.एच.फिगुआर्ट्स या फिगरमालिकेतला सुपर सायन गोकू, म्हणजे 'ड्रॅगन बॉल'चा नायक त्याच्या पिवळ्या केसांच्या रूपात, हातात आल्यावर हेच केलं. जेमतेम १४ सेंटिमीटरचा प्राणी, पण त्याचे दोन्ही खांदे छातीच्या आतून पुढे ओढता येतात, म्हणजे अगदी आपण थंडीत खांदे आवळतो तसे, आणि त्यामुळे दोन्ही मनगटं एकाला एक लावून कंबरेशी नेता येतात, कामेहामेहासाठी, म्हणजे तो दोन पंजांतून सोडतो त्या ऊर्जेच्या झोतासाठी. हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी वेड्यासारखा पाच मिनिटं तेवढंच करत बसलो.

मग डोक्यात आलं की आपण हे का तपासतो? खांदा पुढे यायलाच पाहिजे हे ठरवलं कोणी? तर त्याची गोष्ट जपानमध्ये नाही, अमेरिकेत सुरू होते, आणि ती मुळात बाहुलीची गोष्ट आहे.

१९५९ मध्ये बार्बी आली आणि कपडे बदलायची बाहुली केवढा धंदा करू शकते ते सगळ्यांना कळलं. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीला तेच मुलग्यांसाठी करायचं होतं, पण मुलगा बाहुली खेळतो म्हटल्यावर घरोघरी काय होईल हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून १९६४ मध्ये जी.आय. जो हा सैनिक आणला तेव्हा 'डॉल' हा शब्दच हद्दपार केला आणि 'ॲक्शन फिगर' म्हणायला लागले. साडेअकरा इंच उंच, २१ हलणारे भाग, अंगावर खरे कापडी कपडे. म्हणजे हे नाव आलं ते बापाची लाज राखायला, पण एकदा नावात ॲक्शन घातल्यावर सांधे मोजणं आपोआपच आलं. एक गंमत अशी की त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख चुकून उलट्या बाजूला बसलं होतं, आणि नक्कल कोणी केली ते पकडायला पुढे हीच चूक कामाला आली.

जपानमध्ये ताकारा या खेळण्यांच्या कंपनीने हाच जो आणला. पण तिथल्या मुलांना सैनिकाचं फार कौतुक नव्हतं, त्यांना टीव्हीवरचे हिरो हवे होते. १९७१ मध्ये टीव्हीवर कामेन रायडर हा मुखवटेवाला हिरो सुरू झाला आणि 'हेन्शिन' म्हणजे रूप बदलणं याचं नुसतं वेड लागलं होतं. मग ताकाराने जोचंच शरीर घेतलं, पारदर्शक केलं, आत चकचकीत यंत्रं भरली, आणि १९७२ मध्ये हेन्शिन सायबॉर्ग म्हणून विकायला काढलं, वर हिरोंचे पोशाख वेगळे विकत घ्यायचे. शरीर एक, रूपं अनेक. मग १९७३ चा तेलाचा भडका उडाला, तेल महाग म्हणजे प्लॅस्टिक महाग, आणि १९७४ मध्ये तोच सायबॉर्ग आकसून १० सेंटिमीटरचा मायक्रोमॅन झाला. आज आपण 'एवढ्याशा फिगरला एवढे सांधे' म्हणून तोंडात बोट घालतो ना, ते काम मायक्रोमॅनने पन्नास वर्षांपूर्वी सुरू केलेलं.

या सगळ्यात ॲनिमे कुठे होतं? ते रोबोंकडे होतं. बांदाई या जपानी खेळण्यांच्या कंपनीची उपकंपनी पोपी, तिने १९७३ मध्ये माझिंगर झेड या ॲनिमेतल्या महाकाय रोबोचा ६० सेंटिमीटर उंचीचा पोकळ पुतळा काढला, शाम्पूच्या बाटलीचं असतं तसलं प्लॅस्टिक, आणि १९७४ मध्ये त्याच माझिंगरचा छोटा, जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव अवतार, चोगोकिन. हे नाव मालिकेतल्याच काल्पनिक धातूचं. हातात घेतला की जड लागायचा, मूठ स्प्रिंगवर उडायची, आणि आजही रिव्ह्यूत 'वजन छान आहे' असं जे आपण म्हणतो त्याचं मूळ इथे आहे, कारण प्लॅस्टिकच्या फिगरला वजन असण्याची खरं तर काही गरज नाही. पुढे १९८० मध्ये बांदाईने गंडम या ॲनिमे रोबोची, घरी जोडायची पहिली किट काढली, ३०० येनला, आणि रोबोंचा प्रश्न तिथेच मिटला. रोबोला सांधे असणं शोभतं हो, तो मशीनच आहे. गुडघ्याला खिळा दिसला तरी कोण काय म्हणणार.

खरी पंचाईत माणसांची.

ॲनिमेतला माणूस कागदावर काढलेला असतो, आणि कागदावर चित्रकार सोयीप्रमाणे खोटं बोलतो. गोकूचेच केस घ्या. समोरून बघा, बाजूने बघा, त्या टोकांचा पसारा कॅमेऱ्याप्रमाणे सरकत राहतो, ठरावीक मागची-पुढची बाजूच नाही. मूर्तिकाराला मात्र एकच आकार ठरवावा लागतो आणि मग एका बाजूने तो 'चुकीचा' दिसणारच. त्यात सुपर सायनचे केस मूळ मांगात, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये, कोरे पांढरे आहेत. ते काढणाऱ्या तोरियामांनीच सांगितलेलं की काळे केस शाईने भरण्यात असिस्टंटचा फार वेळ जायचा, तो वाचावा हेही त्यामागे एक कारण होतं. पिवळा रंग दिसला तो ॲनिमेत. मग फिगरचे केस कुठल्या पिवळ्यात करायचे, गडद की लिंबू, यावर आज लोक तासन्तास भांडतात, आणि मुळाशी काय तर शाई आणि वेळ वाचवणं.

माणसाचा चेहरा नीट घडवायला शिकवलं ते खेळण्यांच्या कंपन्यांनी नाही, हौशी लोकांनी. ८० च्या दशकात जपानमध्ये गॅरेज किट नावाचा प्रकार वाढला. घरी मूर्ती घडवायची, सिलिकॉनचा साचा काढायचा, त्यात रेझिन ओतायचं, आणि थोड्याच प्रती विकायच्या, रंग घेणाऱ्याने लावायचा. आपल्याकडे पेणला गणपतीची कच्ची मूर्ती घेऊन रंगकाम दुसरीकडे करतात ना, साधारण तसंच. ओसाकाजवळचं काइयोदो नावाचं दुकान, १९६४ मध्ये उघडलेलं, यातलं मोठं नाव. १९८५ पासून अशा मूर्तींचा मेळा, वंडर फेस्टिव्हल, भरायला लागला आणि तिथे एक भारी सोय निघाली, पात्राच्या हक्कमालकाने त्या एका दिवसापुरती विक्रीची परवानगी द्यायची. दिवस संपला, परवानगी संपली. म्हणजे नोकरी करून रात्री मूर्ती घडवणारा माणूससुद्धा कायद्यात राहून आपलं काम विकू शकत होता. १९९५ च्या इव्हॅन्जेलियन या ॲनिमेनंतर तर या लोकांनी त्यातल्या रेइ आयानामी या मुलीच्या इतक्या मूर्ती केल्या की गिऱ्हाइकाची नजर तयार झाली. डोळ्यांतलं अंतर अर्धा मिलिमीटर चुकलं तरी कळायला लागलं. पण या मूर्ती हलत नव्हत्या. तीच तर अट होती, चेहरा हवा असेल तर पुतळा घ्या, हालचाल हवी असेल तर चेहऱ्यावर पाणी सोडा.

मधल्या काळात अमेरिकेतून मॅकफार्लनच्या स्पॉन या कॉमिक हिरोच्या फिगर जपानात पोचल्या, कारखान्यात रंगवलेल्या आणि तरी बारकाव्याने भरलेल्या. दुसरीकडे काइयोदोने १९९९ मध्ये फुरुता या मिठाई कंपनीच्या चॉकलेटच्या अंड्यात घालायला इवलेसे प्राणी घडवले, आणि ते चीनच्या कारखान्यात हाताने रंगवून घेतले जायचे. माझ्या मते आजच्या फिगरच्या रंगकामाचं निम्मं श्रेय या चॉकलेटातल्या प्राण्यांना आणि ते रंगवणाऱ्या बायकापोरींना द्यायला हवं, रिव्ह्यूत त्यांचं नाव कधीच येत नाही ही गोष्ट वेगळी.

मग २००६ ते २००८ या तीन वर्षांत सगळं एकदम घडलं. काइयोदोने २००६ मध्ये रिव्हॉल्टेक ही हलत्या फिगरची मालिका काढली, दोन हजार येनच्या आत, आणि त्यात कट्कट् आवाज करत टप्प्याटप्प्याने फिरणारा दातेरी सांधा, जो दिली ती पोझ सोडत नाही. मूर्तिकार यामागुची कात्सुहिसा, त्यांनी पोझलाच देव मानलं आणि सांधे दिसले तर दिसू दिले. २००८ मध्ये मॅक्स फॅक्टरी या कंपनीची फिग्मा ही मालिका आली, पहिलीच फिगर नागातो युकी ही ॲनिमेतली मुलगी, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. हिचं म्हणणं बरोब्बर उलटं, सांधा लहान ठेवा, त्यावरून मऊ पीव्हीसीचा कपडा जाऊ द्या, आणि उभी राहायला पाठीत भोक पाडून बेस खोक्यातच द्या. जास्तीचे पंजे हरवतील म्हणून झिप लावलेली छोटी पिशवीसुद्धा! त्याच वर्षी बांदाईचं एस.एच.फिगुआर्ट्स आलं, आधी मुख्यतः कामेन रायडरसाठी. रायडर हेल्मेट आणि सूट घालतो, त्याला चेहऱ्याची चिंताच नाही, म्हणून तो सोपा.

ड्रॅगन बॉल यात आला २००९ मध्ये, आणि पहिला मान गोकूला नाही तर त्याच्या हिरव्या सोबत्याला, पिकोलोला. सुपर सायन गोकू त्यानंतर, २०१० मध्ये. गोकू अवघड का, तर तो अर्धा उघडा आहे. बाह्या अगदी आखूड, मान आणि खांदा यांच्यामधला स्नायू डोंगरासारखा, आणि तिथे चीर लपवायला कापडच नाही. आधीच्या फिगरांत हात बाजूला छान जायचा पण छातीसमोर येताना अडायचा, मग कामेहामेहाची पोझ म्हणजे कोणीतरी ताट धरून उभं आहे असं दिसायचं. कंपनीने ते शरीर नंतर पुन्हा पुन्हा नव्याने घडवलं, खांद्याच्या मागे छातीच्या आत अजून एक सांधा घातला, आणि त्याची चीर कपड्याच्या काठाखाली सरकवली. मी ज्यावर पाच मिनिटं खेळत बसलो तो हाच सांधा. बेस मात्र अजूनही वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि हवेतल्या पोझशिवाय गोकू म्हणजे काय, त्यामुळे हा खर्च धरूनच चाला.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि वाकड्या वाटेने आलं. कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झेड बघून वाढलेली आमची पिढी, तेव्हा खरी जपानी फिगर बघायलासुद्धा मिळायची नाही. मिळायची ती जत्रेतली, डोळे एकीकडे रंग दुसरीकडे अशी नक्कल, आणि आम्ही तिच्यावरही जीव टाकायचो. आता पगार आहे तर सरकारने वाट अडवलीय. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. खोक्यावर जपानीत '१५ वर्षांवरील' असं छापलेलं असतं, तरी गोकू त्यांच्या लेखी खेळणंच. म्हणून इथल्या रिव्ह्यूत किंमत हा विषय जपान्यांच्या तिप्पट वेळ खातो, ते साहजिक आहे.

अजून एक आपल्याकडचंच. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि फिगर चिकट होते, गरम हवेत आणि बंद खोक्यात जास्त. मुंबईच्या पावसाळ्यात, कपाट बंद ठेवून गावाला जाऊन आलात तर बघा हात लावून. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुवायची, सावलीत वाळवायची, एवढंच. जपानी रिव्ह्यूत हे कमी येतं, आपल्याकडे ते पहिल्या मिनिटात यायला हवं.

आणि ज्या जोपासून हे सुरू झालं तो आपल्याकडे गोव्यात बनत होता हे कितीजणांना माहीत असेल? हॅस्ब्रो आणि एमआरएफ यांची भागीदारी म्हणून फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी उभी राहिली, १९८७ पासून गोव्यातल्या कारखान्यात उत्पादन, आणि त्यात जी.आय. जो सुद्धा, १९८२ पासूनचा पावणेचार इंची वाला. भारतात काढलेले त्याचे काही रंग इतके जगावेगळे आहेत की परदेशातले कलेक्टर ते शोधत फिरतात. माझ्याकडे मामाचा एक आहे, पोपटी पँटवाला. पाठीवरचा एक स्क्रू सोडवला की छाती दोन भागांत उघडते, आत धातूचा एक आकडा आणि काळी रबरी रिंग, त्या एका रिंगवर दोन्ही पाय आणि कंबर लटकलेली. परवा तो गोकूशेजारी ठेवला आणि त्याचेही खांदे पुढे आवळायला गेलो. हात वर जातात, फिरतात, कोपरही दुमडतं, पण दोन पंजे काही एकमेकांना भेटत नाहीत.