निकोला काराबातिच

निकोला काराबातिच (जन्म : ११ एप्रिल १९८४, निश, तत्कालीन युगोस्लाव्हिया) हा फ्रान्सचा निवृत्त व्यावसायिक हँडबॉलपटू. लेफ्ट बॅक आणि सेंटर बॅक या जागांवर, म्हणजे समोरच्या बचावभिंतीपुढे डावीकडून आणि मधून हल्ला रचणाऱ्या जागांवर, तो खेळला. उंची १ मीटर ९६ सेंटिमीटर, हात उजवा. फ्रान्सकडून त्याने तीन ऑलिंपिक सुवर्णपदके (२००८, २०१२, २०२१), चार विश्वविजेतेपदे (२००९, २०११, २०१५, २०१७) आणि चार युरोपीय विजेतेपदे (२००६, २०१०, २०१४, २०२४) मिळवली. क्लब पातळीवर तीन चॅम्पियन्स लीग (युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) आणि तीन देशांत मिळून बावीस लीग विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाने २००७, २०१४ आणि २०१६ या वर्षांसाठी त्याला जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरवले. या यादीने लोक थक्क होतात. त्याचे वेगळेपण मात्र दुसरीकडे आहे. आक्रमण आणि बचाव या दोन्हींचा भार त्याने एकट्याने वीस वर्षांहून अधिक काळ वाहिला. आधुनिक हँडबॉलमध्ये हे फार थोड्यांना जमले आहे.

दोन्ही टोकांना खेळण्याचा अर्थ

हँडबॉलचे मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असते. गोल ३ मीटर रुंद व २ मीटर उंच. त्याच्यासमोर ६ मीटरचे गोलक्षेत्र असते आणि त्यात फक्त गोलरक्षक उभा राहू शकतो. एका वेळी गोलरक्षक धरून सात खेळाडू मैदानात असतात. बदली कितीही वेळा आणि खेळ न थांबवता करता येते. अट एवढीच की आत-बाहेर जाणे आपल्या बाकासमोरच्या, मध्यरेषेपासून साडेचार मीटरपर्यंतच्या पट्ट्यातूनच व्हावे. आधीचा खेळाडू बाहेर पडण्यापूर्वी नवा आत शिरला, तर त्याला दोन मिनिटांची शिक्षा होते.

या मोकळ्या नियमामुळे बहुतेक मोठे संघ चेंडू गमावताच एक-दोन आक्रमकांना बाहेर काढून खास बचावपटू आत पाठवतात. यात काही सेकंद जातात आणि नेमके तेच महागात पडतात. समोरच्या गोलरक्षकाने चेंडू अडवून लगेच लांब फेकला, किंवा गोल खाल्ल्यावर मध्यरेषेवरून पटकन खेळ सुरू केला, तर बदली करणाऱ्या संघाची बचावाची भिंत अपुरी सापडते. उलट बाजूनेही तोटा असतो : चेंडू हिसकावला तरी खास बचावपटू धावत जाऊन गोल करतीलच असे नाही, आणि आक्रमकांची वाट पाहण्यात प्रतिहल्ल्याची संधी निघून जाते.

काराबातिच मैदानात असला की त्याच्या जागेपुरता हा प्रश्न उरत नसे. बचावात चेंडू मिळाला की तो तसाच पुढे निघे आणि मांडणी न बदलता दुसऱ्या लाटेचा हल्ला उभा राही. प्रशिक्षक क्लोद ओनेस्ता यांच्या फ्रान्स संघाच्या वेगाचे हे एक मोठे कारण होते. गोलात तिएरी ओमेयर, बचावाच्या मध्यभागी दिदिए दिनार, दोन्ही विंगांवर, म्हणजे कडांना, मिकाएल गिगू आणि लुक अबालो, आणि मधून चेंडू पुढे नेणारा काराबातिच, ही साखळी अनेक वर्षे कोणाला तोडता आली नाही.

आक्रमणाची पद्धत

त्याच्याकडे सर्वांत जोरदार फेक होती असे नाही. निव्वळ फेकीत डॅनियल नार्सिस किंवा डेन्मार्कचा मिकेल हान्सेन त्याच्यापेक्षा घातक वाटत. काराबातिचची ताकद होती दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत शिरण्यात. चेंडू हातात घेऊन तीन पावले टाकता येतात आणि तीन सेकंद धरता येतो. तेवढ्यात तो एका बाजूला झुकवणी (फसवी हालचाल) देई, पाय रोवून दिशा बदले आणि बचावपटूचा हात अंगावर असतानाच चेंडूचा हात मोकळा ठेवी. एकट्याने तो अडत नसल्यामुळे शेजारचा बचावपटू मदतीला सरके. दोघे त्याच्यावर अडकले की गोलक्षेत्राच्या रेषेवरचा पिव्हट किंवा बाजूचा बॅक मोकळा सुटे, आणि चेंडू मनगटाच्या झटक्याने किंवा बचावपटूच्या कमरेमागून तिकडे जाई. कोणी पुढे आलेच नाही तर ९ मीटरवरून उडी घेऊन, नाहीतर हात खाली ठेवून कमरेच्या उंचीवरून फेक.

हे वाचायला सोपे वाटते, पण यात तीन ठिकाणी घसरायला होते. फटीऐवजी थेट बचावपटूच्या छातीवर गेलात आणि तो आधीच स्थिर उभा असेल, तर फाऊल आक्रमकावर लागते. झुकवणीत एक पाऊल जास्त पडले तर चेंडू जातो. आणि धक्का बसल्यावर खांदा आवळला गेला तर पास पिव्हटच्या हाताऐवजी पायाशी पडतो. चेंडूला राळ लावलेली असते ती यासाठीच : पुरुषांचा चेंडू ५८ ते ६० सेंटिमीटर घेराचा आणि ४२५ ते ४७५ ग्रॅम वजनाचा असतो. झटापटीत तो एका हातात टिकवायचा तर बोटांना चिकटपणा हवा.

बचावात तो ६–० मांडणीत (सहाही खेळाडू गोलक्षेत्राच्या रेषेपुढे एका ओळीत) मध्याजवळ उभा राही. फेकणाऱ्या हातावर एक हात, विरुद्ध कमरेवर दुसरा, आणि छाती समोर, ही तिथली योग्य पकड. पाय उशिरा हलले की हात बाजूने किंवा मागून जातो आणि दोन मिनिटांची शिक्षा होते. अशा तीन शिक्षा झाल्या की उरलेल्या सामन्यातून हकालपट्टी. दोन्ही टोकांना खेळणाऱ्यासाठी हा धोका दुप्पट, कारण तो गेला की संघ आपला आक्रमकही गमावतो.

घडण आणि क्लब

वडील ब्रांको क्रोएशियन वंशाचे, युगोस्लाव्हियाच्या संघाचे गोलरक्षक होते. आई सर्बियन. निकोला लहान असतानाच कुटुंब फ्रान्समध्ये आले : आधी आल्सास प्रांतात, पुढे भूमध्य समुद्रकाठच्या फ्रोंतिन्याँ गावी. धाकटा भाऊ ल्युका १९८८ मध्ये स्ट्रासबुर्गला जन्मला. तो आधी टेनिसकडे होता, नंतर हँडबॉलचा पिव्हट झाला आणि पुढे दोघे भाऊ फ्रान्सच्या बचावात शेजारी उभे राहिले.

फ्रोंतिन्याँपासून माँपेलिए जवळच. तिथे प्रशिक्षक पात्रिस कानायेर यांच्या हाताखाली निकोला किशोरवयातच माँपेलिए क्लबच्या पहिल्या संघात आला. २००३ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम फेरीत माँपेलिए स्पेनच्या पोर्टलँड सान अंतोनिओकडून पहिला सामना १९–२७ असा हरला आणि घरच्या मैदानावरचा दुसरा सामना ३१–१९ ने जिंकून एकूण गोलांच्या जोरावर चषक घेऊन गेला. फ्रेंच क्लबला हा चषक प्रथमच मिळाला. काराबातिच तेव्हा १९ वर्षांचा होता.

२००५ मध्ये तो जर्मनीच्या कील क्लबात गेला, आणि त्याचा खेळ खऱ्या अर्थाने पक्का झाला तो इथे, असे म्हणायला हवे. जर्मन लीगमध्ये दर आठवड्याला तुल्यबळ संघ समोर येतो, सुटीसारखे सामने जवळपास नसतात. प्रशिक्षक झ्वोनिमिर सेर्दारुशिच यांनी त्याला खेळ बांधणारा बॅक म्हणून घडवले. चार हंगामांत चार लीग विजेतेपदे, शिवाय २००७ ची चॅम्पियन्स लीग. २००९ मध्ये तो माँपेलिएला परतला, २०१३ चे काही महिने एक्स-आँ-प्रोव्हाँसमध्ये खेळला, आणि मग बार्सिलोनाकडे गेला. तिथे २०१५ च्या अंतिम सामन्यात हंगेरीच्या वेस्प्रेम क्लबला २८–२३ ने हरवून त्याने तिसरी चॅम्पियन्स लीग घेतली. त्याच वर्षी तो पॅरिस सेंट-जर्मेनमध्ये आला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. पॅरिसने २०१६ ते २०२४ ही नऊही लीग विजेतेपदे घेतली, पण युरोपचा चषक मात्र क्लबला मिळाला नाही. २०१७ च्या अंतिम सामन्यात मॅसेडोनियाच्या वार्दार क्लबने शेवटच्या सेकंदाला गोल करून २४–२३ ने हिरावला. एवढी गुंतवणूक झालेल्या संघाची ही सर्वांत मोठी उणीव.

सट्ट्याचे प्रकरण

१२ मे २०१२ रोजी फ्रेंच लीगमध्ये सेसाँ-रेन क्लबने माँपेलिएला हरवले. माँपेलिएचे लीग विजेतेपद त्याआधीच निश्चित झाले होते. माँपेलिए मध्यंतराला मागे राहील यावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पैसे लागले होते, आणि मध्यंतराचा गुणफलक सेसाँच्या बाजूने १५–१२ होता. दुखापतीमुळे काराबातिच त्या सामन्यात खेळला नव्हता. सप्टेंबर २०१२ च्या अखेरीस पॅरिसमधील सामन्यानंतर पोलिसांनी अनेक खेळाडूंना ताब्यात घेतले, त्यात दोघे भाऊ होते. २०१५ मध्ये न्यायालयाने या सट्ट्याच्या प्रकरणी निकोलाला दहा हजार युरो दंड केला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्यात दोन महिन्यांची स्थगित कैद जोडली. त्याच्या कारकिर्दीवरचा हा डाग खराच आहे आणि पदकांच्या यादीत तो झाकू नये. या काळातही राष्ट्रीय संघाचे दार मात्र त्याला बंद झाले नाही.

राष्ट्रीय संघ

फ्रान्सकडून त्याने २००२ मध्ये पदार्पण केले. २००५ च्या ट्युनिशियातील विश्वस्पर्धेत कांस्य मिळाले, आणि २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्पेनला ३१–२३ ने हरवून पहिले युरोपीय विजेतेपद. पुढे बीजिंग २००८, क्रोएशियातील विश्वस्पर्धा २००९, युरो २०१०, स्वीडनमधील विश्वस्पर्धा २०११ आणि लंडन २०१२ अशी जवळजवळ अखंड मालिका झाली. २०११ चा अंतिम सामना डेन्मार्कविरुद्ध जादा वेळेत ३७–३५ ने जिंकला. त्या स्पर्धेचा आणि घरच्या मैदानावरील २०१७ च्या स्पर्धेचाही सर्वोत्तम खेळाडू काराबातिच होता. रिओ २०१६ मध्ये डेन्मार्कने २८–२६ ने हरवून सलग तिसरे ऑलिंपिक सुवर्ण रोखले.

ऑक्टोबर २०२० मध्ये लीग सामन्यात त्याच्या गुडघ्याचे पुढचे क्रूसबंध (गुडघा आतून स्थिर ठेवणारे बंध) तुटले. वय ३६. हँडबॉलमध्ये ही दुखापत बहुधा झुकवणी देतानाच होते : पाय जमिनीला रोवलेला राहतो, शरीर वळते आणि गुडघा आत मुरडतो. म्हणजे ज्या हालचालीवर त्याचा सारा खेळ उभा होता, तीच सर्वांत धोक्याची. शस्त्रक्रियेनंतर मांडीचे स्नायू, एका पायावरची उडी, मग दिशा बदलणे आणि शेवटी अंगाला अंग भिडवणे, या क्रमाने परतावे लागते. साधारण सहा ते नऊ महिने जातात, आणि घाई केली तर बंध पुन्हा तुटण्याची शक्यता बरीच. करोनामुळे ऑलिंपिक वर्षभर पुढे गेले होते, म्हणून वेळ जुळली. तोक्योत फ्रान्सने डेन्मार्कला २५–२३ ने हरवले आणि तो संघात होता.

त्यानंतर त्याची भूमिका बदलली. गोलांची जबाबदारी डिका मेम, नेदिम रेमिली, एलोइम प्रांदी यांच्याकडे गेली. तो अधिक वेळ बचावात आणि थोडा वेळ सेंटर बॅकला खेळू लागला. जानेवारी २०२४ च्या युरोमध्ये त्याने आइसलँडच्या गुडयोन व्हालुर सिगुर्दसनचा २८८ गोलांचा विक्रम मागे टाकून स्पर्धेच्या इतिहासातील सर्वाधिक गोल आपल्या नावावर केले, आणि कोलोनमध्ये डेन्मार्कला जादा वेळेत ३३–३१ ने हरवून फ्रान्स विजेता ठरला.

७ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या लिल शहरात ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्स जर्मनीकडून जादा वेळेत ३४–३५ ने हरला. नियमित वेळ संपायला काही सेकंद असताना चेंडू फ्रान्सच्याच हातात होता. एक पास तुटला, जर्मनीने बरोबरी साधली आणि सामना हातचा गेला. हा काराबातिचचा शेवटचा सामना. पुढच्या वर्षी त्याच्याविना फ्रान्सने विश्वस्पर्धेत पोर्तुगालला ३५–३४ ने हरवून कांस्यपदक घेतले.