बॅटमॅन: अर्कम असायलम (व्हिडिओ गेम)

बॅटमॅन: अर्कम असायलम हा २००९ साली आलेला ॲक्शन-स्टेल्थ प्रकारातला, म्हणजे मारामारी आणि लपूनछपून शिकार अशा दोन्हीचा, सुपरहिरो गेम. लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओजने बनवला, आयडॉसने बाजारात आणला, ऑगस्टमध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आणि सप्टेंबरमध्ये पीसीवर. गोष्ट पॉल डिनीची, बॅटमॅनचा आवाज केव्हिन कॉनरॉयचा आणि जोकरचा मार्क हॅमिलचा, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या कार्टूनचीच टीम. त्याआधी सुपरहिरोचा गेम म्हटलं की पिक्चर येतोय म्हणून घाईत उरकलेलं काम, असाच बऱ्याच जणांचा अनुभव होता. हा गेम आला आणि ते चित्र बदललं, २०१० मध्ये त्याला सर्वोत्तम गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार पण मिळाला.

गोष्ट एका रात्रीची आणि एकाच बेटावरची. बॅटमॅन जोकरला पकडून अर्कमच्या मनोरुग्णालयात आणून सोडतो, जोकर तिथेच सुटतो, अख्खं बेट ताब्यात घेतो आणि मग सकाळ होईपर्यंत आपण त्याच्या मागे. बेट लहान आहे हीच याची पहिली ताकद. पुढच्या भागांसारखं मोठं शहर इथे नाही, पण वाड्याची लायब्ररी, बोटॅनिकल गार्डन, तुरुंगाचा भाग, सगळं हळूहळू ओळखीचं होतं आणि नवीन गॅजेट हातात आलं की आधी बंद वाटलेला रस्ता आठवतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. रिडलर या कोडी घालणाऱ्या खलनायकाची २४० कोडी अशाच कोपऱ्यांत लपवलीयेत. रुग्णालयाचा प्रमुख वॉर्डन शार्प, त्याच्या ऑफिसमध्ये तर एक गुप्त खोली आहे, तिच्या भिंतीवर पुढच्या गेमचा नकाशा लावून ठेवलेला, आणि कित्येक महिने ती कोणालाच सापडली नाही, शेवटी रॉकस्टेडीनेच सांगितलं.

पण गेमचा खरा जीव त्याच्या स्टेल्थमध्ये आहे, आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बाकीच्या बहुतेक स्टेल्थ गेममध्ये आपण घाबरलेले असतो, कोणी बघेल म्हणून भिंतीला चिकटून सरकत असतो. इथे उलटं आहे, घाबरायचं त्यांनी. एका मोठ्या हॉलमध्ये पाच-सहा बंदूकवाले फिरतायत, आपण वर गार्गॉइलवर, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पुतळ्यावर, वाड्याच्या तुळईवर दबा धरून बसलेल्या मांजरासारखे बसलोय. एक जण बरोबर खाली आला की उलटं लटकून त्याला वर ओढायचा आणि तिथेच टांगून सरळ दुसऱ्या गार्गॉइलवर जायचं. तो ओरडतो, बाकीचे धावत येतात, टांगलेला साथीदार बघतात आणि मग त्यांची चाल बदलते. पाठीला पाठ लावून फिरतात, आवाज कापायला लागतो, जरा खुट्ट झालं तरी गोळी झाडतात. डिटेक्टिव्ह मोडमध्ये, म्हणजे बॅटमॅनच्या एक्सरेसारख्या नजरेत, प्रत्येकाच्या हृदयाचे ठोके दिसतात आणि पुढे शब्दात लिहून येतं की हा शांत आहे, हा अस्वस्थ झालाय, हा पार हादरलाय. शेवटचा उरतो तोवर तो स्वतःशीच बडबडत असतो आणि जोकर स्पीकरवरून त्याचीच टिंगल करतो. भीती हे हत्यार आहे असं बॅटमॅनबद्दल नेहमी म्हटलं जातं, पण ती भीती हातात देऊन वापरायला लावणारा गेम हाच पहिला, असं माझं ठाम मत आहे.

आणि बॅटमॅन इथे पोलादाचा नाहीये. समोरासमोर बंदुकीसमोर गेलात तर काही सेकंदात खेळ खलास. म्हणूनच लपण्याला अर्थ आहे. पुढे पुढे गार्गॉइलवर बॉम्ब लावलेले सापडतात, काही गुंडांच्या गळ्यात पट्टे येतात, माणूस बेशुद्ध पडला की पट्टा वाजतो, म्हणजे आपली सवयीची युक्ती काढून घेतली जाते आणि परत डोकं चालवावं लागतं.

मारामारीचा भाग दिसायला सोपा आहे. एक बटण मारायचं, एक काउंटरचं, म्हणजे येणारा वार उलटवायचं, एक केपने गरगरवायचं आणि उडी मारून निसटायचं. पण धडाधड एकच बटण दाबत बसलं की कॉम्बो, म्हणजे सलग ठोशांची साखळी, तुटतो. ठोसा लागतो त्याच क्षणी पुढचं बटण, मध्येच डोक्यावर निळी खूण दिसली की काउंटर, असा ताल एकदा बसला की पंधरा जणांच्या घोळक्यात अंगाला हात न लागता बाहेर पडता येतं. ही पद्धत नंतर इतक्या गेमनी उचलली की आज नव्याने खेळणाऱ्याला यात काय एवढं असं वाटू शकतं, पण चांगली जमली ती इथे.

भीतीचा वायू सोडून भास घडवणारा खलनायक स्केअरक्रो, त्याचे तीन प्रसंग वेगळेच लिहायला हवेत. तिसऱ्यात खेळता खेळता स्क्रीन बिघडते, चित्र फाटतं, गेम बंद पडल्यासारखा होतो आणि परत पहिल्यापासून सुरू होतो, फक्त आता गाडी जोकर चालवतोय आणि बांधलेला बॅटमॅन आहे. नंतर गोळी लागून गेम ओव्हर येतं आणि खाली सल्ला येतो की वाचायचं असेल तर मधली स्टिक वापरा. कंट्रोलरला मधली स्टिकच नसते! माझ्या कर्वेनगरच्या रूमवर पार्टनरने इथे खरंच पॉवर बटण दाबलं होतं, ग्राफिक कार्ड गेलं म्हणून.

आता कमकुवत बाजू. सगळ्यात मोठी डिटेक्टिव्ह मोड, आणि वाईट याचं वाटतं की तो वाईट नाहीये, गरजेपेक्षा जास्त चांगला आहे. भिंतीपलीकडची माणसं सांगाड्यासारखी दिसतात, बंदूकवाले लाल, बाकीचे निळे, फुटणाऱ्या भिंती, जाळ्या सगळं उठून दिसतं, आणि चालू ठेवायला काहीही किंमत नाही. मग बंद का करायचा? परिणाम असा की कलाकारांनी इतक्या मेहनतीने रंगवलेलं बेट आपण अर्धा वेळ निळ्या-जांभळ्या एक्सरेमध्ये बघतो. बॅटरी संपणं किंवा असं काहीतरी बंधन हवं होतं.

दुसरी म्हणजे बॉस फाइट, टप्प्याच्या शेवटी मोठ्या खलनायकाशी होणारी लढाई. गेमने आपल्याला दोन गोष्टी शिकवल्या, तालात मारामारी आणि शांतपणे शिकार, आणि बॉस आला की दोन्ही बाजूला. टायटन नावाचं औषध टोचलेला राक्षस धावत येतो, तोंडावर बॅटरँग, म्हणजे बॅटमॅनचं फेकायचं वटवाघळाच्या आकाराचं हत्यार, मारायचा, बाजूला व्हायचं, तो भिंतीवर आपटतो, पाठीवर चढायचं. पहिल्यांदा मजा येते, नंतर तेच परत, मग तसेच दोन एकदम. आणि शेवटी जोकर स्वतः टायटन घेऊन फुगतो हे तर मनाला पटतच नाही, ज्याचं सगळं भय त्याच्या डोक्यात आणि जिभेत त्याला मसल देऊन काय मिळालं? किलर क्रॉक या मगरीसारख्या खलनायकाच्या गटारातला भाग सुद्धा हळूहळू चालण्यातच जातो, पहिली दोन मिनिटं छाती धडधडते आणि मग कंटाळा.

२०११ च्या अर्कम सिटीत हीच चूक सुधारलेली दिसते. तिथल्या मिस्टर फ्रीझ या खलनायकावर एक युक्ती एकदाच चालते, मग तो ती बंद पाडतो, म्हणजे बॉस फाइटच स्टेल्थची परीक्षा झाली. पण तेवढ्या मोठ्या शहरात असायलमचं ते कोंडलेपण सुटलं, आणि २०१५ च्या अर्कम नाइटमध्ये बॅटमोबिलच्या, म्हणजे बॅटमॅनच्या गाडीच्या, रणगाडा-लढायांनी बराच वेळ खाल्ला.

पुण्यात हा गेम पसरला तो मुख्यतः पीसीवर, इंजिनियरिंगच्या पोरांच्या रूमवर हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर. कन्सोल परवडणारे कमी होते. चोरीच्या कॉपीमध्ये मात्र कंपनीने पाचर मारून ठेवली होती, बॅटमॅनचा केप नीट उघडायचाच नाही, तरंगायच्या ऐवजी फडफड करून खाली, आणि विषारी वायूच्या एका खोलीत माणूस कायमचा अडकायचा. क्रॅक, म्हणजे कुलूप तोडणारी फाइल, खराब आहे म्हणून पोरं परत परत इन्स्टॉल करत बसायची. आज स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाच्या सेलमध्ये गेम ऑफ द इयर आवृत्ती खूप स्वस्तात येते, साध्या लॅपटॉपवरही चालते, त्यामुळे चोरायचं काही कारण उरलेलं नाही.

प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी २०१६ मध्ये रिटर्न टू अर्कम नावाने नवीन इंजिनवर आवृत्ती आली, पण तिचा उजेड आणि चेहरे बदललेत आणि जुना अंधारच जास्त शोभतो, तेव्हा पर्याय असेल तर पीसीचीच घ्यावी. पहिल्यांदा नॉर्मलवर खेळा, दुसऱ्यांदा हार्डवर. हार्डमध्ये काउंटरची निळी खूण गायब होते आणि नजर गुंडांच्या खांद्यांवर ठेवावी लागते. गेम स्वतःहून डिटेक्टिव्ह मोड बंद करणार नाही, तो आपणच बंद ठेवायचा आणि फक्त खोलीत शिरताना एकदा लावून बघायचा, स्टेल्थला दुप्पट मजा येते.