असोदा ते भादली: बहिणाबाईंच्या मुलखाची पार्श्वभूमी

१९०७ साली जळगावात मराठी कवींचं पहिलं संमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या १६-१७ वर्षांच्या पोराने तिथे कविता म्हटल्या, मंडळी थक्क झाली आणि 'बालकवी' हे नाव त्याला तिथेच मिळालं. वाङ्मयाच्या इतिहासात हा प्रसंग हमखास सांगितला जातो. त्यात सांगितलं जात नाही ते असं, की याच गावात चौधरींच्या वाड्यात तेव्हा २६-२७ वर्षांची एक सून नांदत होती आणि जात्यावर बसली की स्वतःच गाणं जुळवत होती. संमेलनातल्या कुणाला तिची खबर नव्हती, आणि अक्षरओळख नसलेल्या त्या बाईला संमेलनाशी काही देणंघेणं असण्याचं कारण नव्हतं. तिचा मुलगा सोपानदेव त्याच वर्षी जन्मला. आईची गाणी पुढे कागदावर टिकली ती त्याच्यामुळे.

बहिणाबाई चौधरींचा मुलूख पाहायला निघालेल्या माणसाने ही १९०७ ची गोष्ट लक्षात ठेवावी असं मला वाटतं. एकाच गावात छापील कवितेचं मोठं ठाणं होतं आणि न छापलेल्या कवितेचंही. दोन्हींमधलं अंतर फार तर काही गल्ल्यांचं.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० चा, असोद्याचा. वडील उखाजी महाजन, आई भीमाई. घमा, गना, घना हे भाऊ, आणि अहिल्या, सीता, तुळसा या बहिणी. लेवा पाटीदारांचं खातंपितं शेतकरी घर. (संत बहिणाबाई त्या वेगळ्या, सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या. जळगावबाहेर दोघींची गल्लत अजूनही होते.) असोदा जळगावपासून पाचसहा किलोमीटरवर. आता शहर इतकं पसरलंय की मधलं शिवार कुठे सुरू झालं हे चटकन कळत नाही, पण एकदा घरं मागे पडली की जमीन आपली ओळख देते. काळी, खोल, पावसाळ्यात पाय ओढून घेणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी. उत्तरेला तापी, तिच्या पलीकडे सातपुडा, पश्चिमेला गिरणा, दक्षिणेला दूरवर अजिंठ्याचे डोंगर. या चौकटीतली काळी जमीन कापसाला अशी मानवली की सगळ्या जिल्ह्याचं नशीब तिने ठरवलं.

बहिणाबाई जन्मल्या त्याच १८८० मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशचा खंड छापला गेला. त्यात जळगावची ओळख आहे ती कापसाचं गाव म्हणून. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना, आणि खानदेशच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. नेमक्या त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग जळगाव, भुसावळ करत पुढे सरकला. गाड्या भरभरून कपाशी स्टेशनावर यायला लागली, १८६४ मध्ये नगरपालिका आली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि पुष्कळांचं दिवाळं वाजलं. पण रूळ, गठाणी बांधायचे प्रेस, पेढ्या हे सगळं गावात राहिलं आणि मग कापडाची गिरणीही आली. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशाचं ठाणं धुळ्याला, पूर्व खानदेशाचं जळगावला. कचेऱ्या आल्या, वकील आले, शाळा वाढल्या. पुढच्याच वर्षीचं कविसंमेलन या नव्या ऐटीला शोभेलसं होतं.

लग्न झालं तेव्हा बहिणाबाई १३ वर्षांच्या होत्या. असोद्याची मुलगी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरींकडे आली, म्हणजे खेड्यातून शहरात आली असं आज आपण म्हणू. तेव्हाचा फरक तेवढा ठळक नव्हता. जुन्या जळगावातली घरं शेतकऱ्यांचीच होती. गोठा घरात, शेत गावाबाहेर, आणि दिवसाची चाल दोन्हीकडे सारखी. पहाटे घरोट, मग गोठा, मग चूल, मग शेत. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात, आणि बहिणाबाईंच्या गाण्यात त्याला बरीच जागा आहे.

तरी माहेर ते माहेर. असोद्याच्या वाटेवर त्यांनी गाणं केलं आहे. चैत्र-वैशाखाचं ऊन, तापलेला लाल रस्ता, पायाला चटके, आणि तरीही ती वाट मखमलीची वाटते. मधे लौकी नदी लागते. ती तापीइतकी थोर नाही हे त्या स्वतःच कबूल करतात, पण पाय तिच्या पाण्यात पडले की शीण जातो. आज त्या दिशेला निघालं की आधी रेल्वेचे रूळ, मग वस्ती, मग वाहनांची रांग. वाटेवरची मखमल शोधायला जाऊ नये. उन्हाचे चटके मात्र अजून तसेच आहेत. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या आसपास खेळतो.

ती वाट कधी चालली जायची हेही लक्षात घ्यायला हवं. सासुरवाशिणीला माहेरी न्यायचा मोठा सण म्हणजे आखाजी, अक्षय तृतीया. कडुनिंबाला झोके बांधले जातात, पोरी गाणी म्हणतात, फेर धरतात. खानदेशात दिवाळीपेक्षा आखाजीचं कौतुक जास्त, आणि त्याचं कारण शेतीत आहे: पीक घरात आलेलं, पेरणीला अजून अवकाश, बैलांनाही थोडी उसंत. म्हणजे माहेरची वाट वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हातच चालावी लागे.

बहिणाबाईंची शेतकामाची गाणी एकापुढे एक ठेवली की वर्षाचं चक्र पुरं होतं. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी. मधे विहिरीवरची मोट, पोळा, गाडीजोडी. शेतावर कविता लिहिणारे मराठीत पुष्कळ झाले, पण त्यातले बरेचसे बांधावर उभे राहून लिहिणारे. उपणणीचं गाणं वाचलं की फरक कळतो. खळ्यात धान्य रगडून झालंय, माणसं पाट्या घेऊन तिवारीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभी आहेत आणि वाराच पडलाय. वारा नाही तर दाणा आणि भूस वेगळं होणार कसं? मग वाऱ्याला हाक जाते, 'मारुतीच्या बापा' म्हणून. पुराणातलं नातं असं खळ्यावर कामाला लावणं हे ज्याने वाऱ्याची वाट पाहत तास घालवलेत त्यालाच सुचावं. आता मळणीयंत्रं आहेत, मोटेच्या जागी विजेचे पंप आले त्यालाही कित्येक वर्षं झाली. त्यामुळे मोटेचं गाणं शिकवताना इथल्या मास्तरांनासुद्धा कना म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवावं लागतं.

काळ सोपा नव्हता. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला लोक (विक्रम संवत १९५६ वरून) छप्पनचा दुष्काळ म्हणत, तो त्यांनी ऐन तरुणपणी पाहिला. प्लेगने थोरला मुलगा ओंकार कायमचा अपंग झाला. बहिणाबाईंच्या वयाच्या तिशीत नथूजी गेले. मागे ओंकार, सोपान आणि मुलगी काशी. या आघातावरच्या त्यांच्या ओळी मराठीत बहुतेकांना ठाऊक आहेत:

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू
रेखा उघडी पडली

विधवेच्या दुःखावर त्या काळात सुधारकांनी रकानेच्या रकाने लिहिले. चार ओळींत एवढं बसवलेलं माझ्या वाचनात दुसरं नाही.

आता छापखान्याकडे. संमेलन पुण्या-मुंबईला न भरता जळगावात का भरलं, याचं उत्तर 'काव्यरत्नावली' या मासिकात आहे. नानासाहेब फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगावातून ते सुरू केलं आणि ते जवळजवळ अर्धशतक चाललं. फक्त कवितेला वाहिलेलं मासिक, तेही जिल्ह्याच्या गावातून! केशवसुत त्यात छापले गेले, बालकवी छापले गेले. केशवसुत तर १९०१ नंतर काही वर्षं याच मुलखात, फैजपूरच्या शाळेत हेडमास्तर होते. नव्या मराठी कवितेचा पत्ता एकेकाळी बराचसा खानदेशचा होता, हे पुण्यात लिहिलेल्या इतिहासांतून नीट कळत नाही.

आणि बहिणाबाईंनी छापखान्यावर गाणं केलं आहे. जळगावच्या 'नानाजीचा छापखाना', त्यातली यंत्रं, कागद आत जातो आणि छापून बाहेर येतो, हे सगळं त्यात आहे. हे नानाजी म्हणजे काव्यरत्नावलीवाले फडणीस, असं मानायला भरपूर जागा आहे. म्हणजे जिची एक ओळही त्या यंत्रातून निघाली नव्हती, त्या बाईने यंत्र पाहिलं, त्यावर गाणं रचलं आणि शेवटी माणसालाच टोला हाणला, की कोरा कागद छापून शहाणा होतो, माणूस मात्र येडाच राहतो. मुद्रणकलेवर मराठीत इतकं कुणी नेमकं बोललंय असं मला वाटत नाही, आणि बोलणारीला वाचता येत नव्हतं.

असोद्याच्याच बाजूला, जळगाव आणि भुसावळच्या मधे भादली नावाचं छोटं स्टेशन आहे. संमेलनानंतर रेव्हरंड टिळकांनी बालकवींना नगरला आपल्या घरी नेलं, तिथून त्यांचं आयुष्य बरंच भटकं झालं आणि शेवटी ते इथेच येऊन थांबलं. ५ मे १९१८ ला भादलीला रूळ ओलांडताना आगगाडीखाली सापडून ते गेले. वय २७. त्यांच्या कवितेतले निर्झर आणि फुलराणी या काळ्या, रखरखीत पट्ट्यात शोधायला गेलं तर हाती लागत नाहीत. बहिणाबाईंची सुगरण, ढोर आणि बी-बियाणं मात्र पावलोपावली भेटतात. कोणाची कविता मोठी हा वाद मला करायचा नाही. पण मुलूख वाचायला कोण उपयोगी, असं कुणी विचारलं तर माझं मत सरळ आहे.

बहिणाबाईंची गाणी राहिली ती थोडक्यात राहिली. सोपानदेव स्वतः कवी झाले; आईच्या तोंडची गाणी त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तशी उतरवून ठेवली होती. जी उतरवली नाहीत ती ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाईंबरोबर गेली. त्यानंतर सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली. हे तर बावनकशी सोनं आहे, हे महाराष्ट्रापासून लपवणं गुन्हा आहे, असं अत्रे म्हणाले ते प्रसिद्धच आहे. १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' निघालं. ३५ च्या आसपास कविता, बस्स. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून 'अरे संसार संसार' घराघरात गेलं आणि वही न पाहिलेल्यांनाही बहिणाबाई पाठ झाल्या.

भाषेबद्दल एवढंच सांगायला हवं, की ही लेवा गणबोली. अहिराणीशी तिचं शेजारपण आहे, पण ती अहिराणी नव्हे. हे जळगावात कुणाला चुकीचं बोलून पाहा, लगेच दुरुस्ती होते. पाठ्यपुस्तकांत ती कधीकधी प्रमाण मराठीकडे सरकवलेली दिसते. 'जयगाव'चं 'जळगाव' करून वाचलं की लय लंगडते.

१९६० मध्ये पूर्व खानदेश हे नाव जाऊन जिल्हा जळगाव झाला. १९९० मध्ये इथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. गिरणेच्या पलीकडे बांभोरीजवळच्या टेकडीवर त्याचा परिसर आहे. निरक्षर बाईचं नाव विद्यापीठाला, यावर भाषणांत दरवर्षी टाळ्या पडतात. मला त्यापेक्षा जुन्या जळगावातला वाडा महत्त्वाचा वाटतो. तिथे त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, आणि एका बाईच्या एका दिवसात किती ओझं उचललं जात होतं याचा अंदाज त्या पाहिल्याशिवाय येत नाही.

हा सगळा फेरा एका दिवसात होतो. आधी वाडा, मग असोदा, तिथून भादली, आणि उन्हं कलल्यावर गिरणेकडे. कापसाची वेचणी चालू असते तेव्हा, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे जावं. शिवारात माणसं भेटतात आणि ऊनही सोसतं. आखाजीचे झोके पाहायचे असतील तर मात्र एप्रिल-मेला पर्याय नाही. भादलीला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत, तेव्हा तिथे रस्त्यानेच गेलेलं बरं.