पिस्तुलावरचा सिंह आणि पिस्तुलाचा कान

ईस्ट इंडिया कंपनीची खूण असली की जुन्या ठासणीच्या पिस्तुलाचा भाव चढतो. साहजिकच नक्कल करणारा आधी तीच खूण उचलतो. तेव्हा खूण वाचावीच, पण खुणेला धातूची साक्ष मिळते का तेही पाहावं.

चापावरच्या बाजूच्या पट्टीपासून सुरुवात करू. 1808 पूर्वीच्या कंपनीच्या हत्यारांवर बदामाची आकृती असे. फुलीने तिचे चार भाग पाडलेले, त्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरं आणि डोक्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखं चिन्ह. 1808 पासून तिची जागा मागच्या पायांवर उभ्या, पंजात मुकुट धरलेल्या सिंहाने घेतली. सिंहाशेजारी 1790 साल कोरलेलं दिसलं, तर तिथेच शंका घ्यावी. नळीवर लंडनच्या बंदूककारांच्या संघाचे दोन ठसे सापडतात, मुकुटाखाली जी-पी आणि मुकुटाखाली व्ही. जास्त दारू ठासून बार काढल्यावरही नळी टिकली, याची ती ग्वाही.

हे ठसे हातोड्याने ठोकलेले असतात. ठोक्याने लोखंड दबतं, कडेला किंचित वर येतं आणि ठशाच्या तळाखालच्या स्फटिकांची रचनाही बिघडते. ठसा कानशीने घासून टाकला तरी ती बिघडलेली जागा आम्लात वेगळ्या गतीने झिजते आणि पुसलेली अक्षरं पुन्हा उमटतात. चोरीच्या गाड्यांचे खोडलेले चॅसिस नंबर न्यायवैद्यक प्रयोगशाळा याच तत्त्वावर वाचतात. ओतीव नकलेत मात्र ठसा साच्यातूनच येतो. त्याच्या कडा बोथट असतात आणि खालचं लोखंड दबलेलं नसतं.

मला सर्वांत बोलकी जागा वाटते ती पिस्तुलाचा कान, म्हणजे रंजकाची (बार पेटवणाऱ्या बारीक दारूची) आग नळीत जाण्याचं भोक. 1840 च्या सुमारास गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी अनेक हत्यारं केपावर, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर, चालणारी करून घेतली गेली. रंजकाची वाटी काढली, कानापाशी केप बसवायची नळकांडी लावली, घोडा बदलला. पुढे बाजारात गारगोटीच्या पिस्तुलाला जास्त किंमत येऊ लागली, तशी काहींनी हीच हत्यारं उलट फिरवून पुन्हा गारगोटीची केली. हा बदल भिंगाखाली सापडतो. पट्टीवर बुजवलेली स्क्रूची भोकं दिसतात. कान गोल आणि धारदार असतो, वाटी गुळगुळीत असते, आणि शेजारची नळी मात्र खड्ड्यांनी भरलेली. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते. खरोखर वापरलेल्या पिस्तुलात म्हणूनच कान आणि वाटी दोन्ही सारखीच खाल्लेली असतात. केपातल्या पोटॅशियम क्लोरेटमुळे क्लोराइडचे क्षार मागे राहतात, तेही तपासता येतात. पण मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेतही क्लोराइड असतं, त्यामुळे नुसत्या त्या चाचणीवर मी निकाल देणार नाही.

लोखंडाची जातही पाहावी. त्या काळच्या घडीव लोखंडात मळीचे, म्हणजे धातू गाळताना उरलेल्या कचऱ्याचे, लांब, काळपट धागे असतात. पट्टीच्या आतल्या बाजूचा कणभर भाग घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ते दिसतात. बेसेमरची पोलाद बनवण्याची पद्धत 1856 ची, तिच्यानंतरच्या पोलादात असे धागे नसतात. 1810 सालच्या म्हणवणाऱ्या पट्टीत ते मुळीच दिसले नाहीत, तर वरचा सिंह कितीही देखणा असो, पट्टी त्या काळची नाही.

वाड्यात असं एखादं पिस्तूल निघालं, तर कृपा करून चिंच किंवा पॉलिश पेपर लावू नका. गंजाबरोबर ठशांच्या कडाही जातात आणि वर सांगितलेला बराचसा पुरावा कायमचा नाहीसा होतो. त्याआधी ते भरलेलं आहे का ते बघा, कारण ठासलेला बार वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. तोंड स्वतःकडे किंवा कुणाकडे येऊ न देता लाकडी काठी अलगद नळीत सोडा, तोंडापाशी खूण करा आणि ती लांबी बाहेरून मोजा. काठी कानाच्या बरीच अलीकडे अडत असेल, तर आत बार आहे असंच धरा, पिस्तुलाला हात न लावता पोलिसांना कळवा.