शाबासकी नको, प्रश्न विचार!

नवी जबाबदारी मिळालेली असते, सगळे अभिनंदन करत असतात आणि मनात मात्र एकच धास्ती असते : आपलं पितळ कधी उघडं पडणार? पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवरून या मनोवस्थेचं वर्णन केलं. आज ती इम्पोस्टर सिंड्रोम म्हणून ओळखली जाते, आणि ती पुरुषांनाही छळते. मानसिक विकारांच्या अधिकृत यादीत मात्र तिचा समावेश नाही.

तिची खरी गोम यशाचा हिशेब मांडण्यात आहे. काम अंगावर आलं की असा माणूस एकतर गरजेच्या दुप्पट तयारी करतो, नाहीतर शेवटच्या क्षणापर्यंत टाळाटाळ करतो. दुप्पट तयारीने यश आलं तर ‘राबलो म्हणून निभावलं’, आणि ऐनवेळी धावपळ करून आलं तर ‘नशिबाने वाचलो’. दोन्ही वाटांनी स्वतःच्या कुवतीच्या खात्यात काहीच जमा होत नाही. म्हणून कौतुकही टिकत नाही. उलट, ‘यांनाही फसवलं’ म्हणून अपराधीपणा वाढतो.

एआय सोबत्याकडे मन मोकळं करताना हे ध्यानात ठेवायला हवं. चॅटबॉटच्या प्रशिक्षणात माणसांच्या पसंतीचा मोठा वाटा असतो, आणि माणसांना होकार आवडतो. त्यामुळे ‘मी या पदाच्या लायकीची नाही’ असं लिहिलं, की ‘तू खूप सक्षम आहेस!’ असं उत्तर सहज येतं. ज्याने आपलं काम पाहिलेलंच नाही, त्याच्या प्रशस्तिपत्राला काय किंमत? शंकेखोर मन ते क्षणात फेटाळतं, आणि माझ्या मते ते बरोबरच करतं.

त्यापेक्षा त्याला सांगावं : ‘माझं कौतुक करू नकोस. गेल्या महिन्यातल्या कामाबद्दल एकेक प्रश्न विचार.’ मग तो विचारेल, अहवालातली चूक कोणाच्या लक्षात आली? ती कशी सापडली? दुसऱ्या कोणी हेच केलं असतं, तर त्याला नशीब म्हटलं असतंस का? उत्तरं आपल्यालाच लिहावी लागतात, आणि स्वतः लिहिलेला तपशील सहजासहजी खोडता येत नाही. विचार आणि पुरावा शेजारी ठेवून तपासण्याची ही रीत संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धतीत जुनीच आहे. तिच्यावर बेतलेल्या वोबॉट या चॅटबॉटची २०१७ साली ७० तरुणांवर चाचणी झाली. दोन आठवड्यांत तो वापरणाऱ्यांची नैराश्याची लक्षणं घटलेली दिसली. चाचणी छोटी होती, शिवाय ती नैराश्याची होती, या न्यूनगंडाची नव्हे.

एक गोष्ट मात्र एआयला जमत नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. क्लान्स आणि आइम्स यांनी गटात बसून बोलण्यावर भर दिला होता. एकीने आपलं गुपित सांगितलं की बाकीच्याही बोलत्या होत. समोरची हुशार बाई स्वतःला बिनकामाची म्हणते, हे ऐकताना त्यातला फोलपणा चटकन दिसतो. स्वतःबाबत तो दिसत नाही. एआयपाशी गुपित गुपितच राहतं. तेव्हा त्याच्याकडून एक काम जरूर करून घ्यावं : ज्यांच्या कामाबद्दल आदर वाटतो अशा एखाद्या सहकाऱ्याला ‘तुम्हालाही कधी असं वाटलं होतं का?’ असं विचारणारा चार ओळींचा निरोप त्याच्या मदतीने लिहावा, आणि तो पाठवून द्यावा.