फॉस्फेटेज: आधी सापडलं, उशिरा कळलं

मंडईतले कांदे पाण्यावर ठेवायचे, मुळं फुटली की टोकं कापून कार्मिनमध्ये रंगवायची आणि काचपट्टीवर अंगठ्याने दाबायची. पुण्यात बीएस्सीच्या कित्येक पिढ्यांनी पेशीविभाजन पाहिलं ते असं. गुणसूत्रं मधोमध रांगेत दिसली की मुलं खूश. ती रांगेत कशी आली? 'कायनेजमुळे, फॉस्फेट चिकटवून,' हे उत्तर तयार असतं (कायनेज म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारं विकर). पुन्हा सैल कशी झाली, यावर वर्ग गप्प. मुलांना दोष कशाला द्या, संशोधकांचंही लक्ष बरीच वर्षं कायनेजवरच होतं.

गंमत म्हणजे फॉस्फेट काढणारं विकर, म्हणजेच फॉस्फेटेज, आधी हाती आलं होतं. १९४०च्या दशकात गर्टी आणि कार्ल कोरी यांना स्नायूंत फॉस्फोरिलेजला, म्हणजे साठवलेलं ग्लायकोजेन फोडणाऱ्या विकराला, थंड करणारं एक विकर मिळालं. ते अॅडेनिलिक आम्ल काढून घेत असावं, असा त्यांचा कयास होता आणि नावही तसंच पडलं. निघत होतं ते फॉस्फेट. १९५५ साली एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी ते चिकटवणारी बाजू उलगडली, तेव्हा कुठे हिशेब लागला. १९९२चं नोबेल या दोघांना मिळालं.

पेशीविभाजनातला धागा यीस्टमधून आला. एडिंबरात पॉल नर्स यांना लवकर विभागणाऱ्या, म्हणून बुटक्याच राहणाऱ्या पेशी सापडल्या. त्या जनुकाचं नाव 'वी', स्कॉटिश बोलीत 'चिमुकलं'. उलट सीडीसी-२५ हे दुसरं जनुक बिघडलं की पेशी नुसती लांबत जाते, विभागत नाही. १९९१मध्ये कारण सिद्ध झालं: 'वी' सीडीसी-२ या कायनेजवर फॉस्फेट बसवून त्याला अडवतं आणि सीडीसी-२५ ते काढतं. म्हणजे विभाजन सुरू करून देणारंच फॉस्फेटेज निघालं! निव्वळ खोडरबर म्हणून त्याची बोळवण करता येईना.

शेवटाकडचा भाग जास्त गुंतागुंतीचा. यीस्ट आणि बुरशीत पीपी-१ हे फॉस्फेटेज बिघडलं की विभाजन अर्ध्यात अडकतं, हे १९८९मध्ये दिसलं. पीपी-२ए-बी-५५ या दुसऱ्या फॉस्फेटेजला तर विभाजन चालू असताना कोंडूनच ठेवावं लागतं. हे काम फळमाशीत सापडलेलं ग्रेटवॉल कायनेज दोन छोट्या प्रथिनांकरवी करतं, हे २०१०मध्ये कळलं. सीडीसी-२ला चालू ठेवणारं सायक्लिन हे प्रथिन नष्ट झालं की ग्रेटवॉलचा जोर ओसरतो, फॉस्फेटेज मोकळं होतं आणि गुणसूत्रं सैल पडतात.

आमच्या कांद्याला मात्र ही सगळी गोष्ट जशीच्या तशी लागू नाही. वनस्पतींत सीडीसी-२५चं काम करणारं खरंखुरं विकर सापडलेलं नाही, आणि अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपातून 'वी' काढून टाकलं तरी एरवी रोप मजेत वाढतं.